मोटरहोमचं इंजिन रुसतं तेव्हा : बिघाड शोधायचा कसा, दुरुस्त करायचा कसा

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, इंजिनाला धावण्यापेक्षा उभं राहणं जास्त बाधतं. तेच इंजिन मालवाहू व्हॅनमध्ये रोज दोन-तीनशे किलोमीटर पळतं आणि वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. मोटरहोममध्ये मात्र ते वर्षातले कित्येक महिने एका जागी उभं असतं, आणि मग एके दिवशी पलंग, पाण्याची टाकी, गॅस आणि अख्खा संसार पाठीवर घेऊन त्याला चढ चढावा लागतो. बॅटरी उतरते, टर्मिनलवर सल्फेट चढतं, टाकीत पाणी साठतं, रबर कडक होतं, उंदीर वायरी कुरतडतात. म्हणून गाडी बंद पडली की बॉनेट उघडण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो : गेल्या दोन-तीन महिन्यांत ही गाडी काय करत होती? निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

दुसरी गोष्ट, अंदाजाने पार्ट बदलू नका. आधी मोजा, मग बदला. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बॅटऱ्या एका हंगामात दोनदा बदलल्या गेल्या. गाडी तरीही सकाळी सेल्फ घेत नव्हती. शेवटी इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून हिरवी पडून सडलेली निघाली. पंधरा मिनिटांत मल्टिमीटरने (व्होल्टेज, करंट मोजायच्या मीटरने) सापडला असता असा तो दोष होता. तेव्हापासून मल्टिमीटर माझ्या गाडीत चहाच्या भांड्याइतकाच हाताशी असतो.

हात घालण्याआधी

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. गॅस सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. बाहेरच्या विजेची वायर जोडलेली असेल तर ती काढा, कारण घराच्या बाजूच्या चार्जरमध्ये मुख्य विजेचा दाब असतो आणि तो १२ व्होल्टसारखा माफ करत नाही.

गाडी सपाट ठेवण्यासाठी दिलेले हायड्रॉलिक पाय हे जॅक नव्हेत. त्यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. मागे इंजिन असलेल्या मोठ्या गाड्यांना एअर सस्पेन्शन असतं. एक नळी फुटली किंवा सुटली की चेसिस काही क्षणांत खाली बसतं. चेसिसला लोखंडी स्टँडचा आधार दिल्याशिवाय अंग आत घालायचं नाही.

बऱ्याच मोटरहोममध्ये इंजिनाचं झाकण घराच्या आत, चालकाच्या बाजूला किंवा मागच्या पलंगाखाली असतं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवाल तेव्हा सगळ्या खिडक्या आणि दार उघडं ठेवा. कुठे सायलेन्सरचा जोड गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट राहत्या खोलीत येतो, आणि त्याला वास नसतो.

हाताशी ठेवायचं सामान फार नाही : मल्टिमीटर, डोक्याला लावायचा टॉर्च, पान्यांचा संच, वायर ब्रश, जाड जंपर केबल, सुटे फ्यूज आणि एखादा रिले (विजेवर चालणारा स्विच), एक जादा डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, होज क्लिप, पाच लिटर कूलंट, इंजिन ऑइल, हातमोजे आणि गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा एक साधा स्कॅनर. आग विझवणारं सिलिंडर दाराजवळ असावं, इंजिनाजवळ नाही.

सेल्फ मारला, पण इंजिन फिरत नाही

आधी ऐका. चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं यावरून अर्धी वाट कापली जाते.

टकटकटक असा वेगाने आवाज येत असेल तर बॅटरीत दम नाही, किंवा जोडणी ढिली आहे. एकच जड "टक" येऊन शांतता झाली तर सोलेनॉइड (सेल्फ मोटरचा चुंबकी स्विच) खेचतोय, पण सेल्फ मोटरपर्यंत पुरेसा करंट जात नाही किंवा मोटरच अडकली आहे. काहीच आवाज नसेल तर चावीचा स्विच, रिले, फ्यूज, इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) किंवा ऑटोमॅटिक गिअरचा न्यूट्रल स्विच तपासा. या शेवटच्यासाठी गिअर पार्कऐवजी न्यूट्रलमध्ये टाकून एकदा सेल्फ मारा. चालू झाली तर दोष त्या स्विचचा किंवा त्याच्या केबलच्या ॲडजस्टमेंटचा. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी वापरून बघा.

आता मोजणी. मोटरहोममध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात, इंजिनाची आणि घराची. आतले दिवे झगझगीत लागतात म्हणजे बॅटरी ठीक आहे, असा निष्कर्ष काढणारे खूप जण भेटतात. ते दिवे घराच्या बॅटरीवर आहेत. इंजिनाची बॅटरी शोधा. ती बॉनेटखाली दिसली नाही तर घाबरू नका. काही व्हॅनमध्ये ती केबिनमध्ये पायाखालच्या फळीखाली असते, आणि बॉनेटखाली फक्त जंपर लावण्यासाठीचे टोक दिलेले असतात.

पायरी पहिली. गाडी तासभर तरी बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज बघा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. आधी चार्ज करा, मगच पुढचं तपासा. अर्धवट बॅटरीवर केलेल्या सगळ्या चाचण्या खोटं बोलतात.

पायरी दुसरी. मीटर तसाच ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळलं तर बॅटरी आतून गेली आहे, जरी बसल्या जागी ती १२.६ दाखवत असली तरी. ते ११ च्या वर राहिलं आणि तरीही इंजिन फिरलं नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही.

पायरी तिसरी, आणि हीच बहुतेक जण गाळतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा. सेल्फ मारताना इथे ०.२–०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. मग धन खुंटी आणि सेल्फच्या जाड बोल्टमध्ये तसंच मोजा. इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. सेल्फ कित्येकशे अँपिअर ओढतो, त्यामुळे बोल्टखालचा गंजाचा पातळ थरसुद्धा त्याला अडवतो. वायर दिसायला धडधाकट आणि आतून सडलेली असू शकते. डोळ्यांवर नाही, आकड्यावर विश्वास ठेवा.

दुरुस्ती सोपी असते : ऋण टोक आधी काढा, टर्मिनल आणि खुंटी गरम पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडं करा, ब्रशने चकचकीत करा, अर्थिंगचे दोन्ही टोकांचे बोल्ट काढून त्यांच्याखालचा रंग-गंज घासा, घट्ट करा आणि वरून व्हॅसलीनचा थर द्या. लावताना ऋण टोक शेवटी.

तातडीने गाडी चालू करायची असेल तर काही मोठ्या मोटरहोममध्ये डॅशबोर्डवर एक बटण असतं. ते दाबून धरलं की घराची बॅटरी इंजिनाच्या मदतीला जोडली जाते. बटण दाबून अर्धा-एक मिनिट थांबा, मग तसंच धरून सेल्फ मारा. बटण नसेल तर जंपर केबल. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या धनाला. काळी चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो.

गाडी चालू झाल्यावर पुन्हा मोजा. १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसले तर आल्टरनेटर चार्ज करतोय. नव्या गाड्यांतले संगणकावर चालणारे आल्टरनेटर कधी मुद्दाम कमी-जास्त देतात, म्हणून तिथे पाच-दहा मिनिटं बघत राहा. सतत १२.५ च्या खालीच असेल तर बेल्ट, मग आल्टरनेटर.

बॅटरी पुन्हापुन्हा उतरत असेल तर गाडी बंद असताना कुणीतरी ती पितंय. सगळं बंद करून, गाडीचे संगणक झोपायला अर्धा-पाऊण तास देऊन, ऋण वायरीच्या मालिकेत मीटर लावून करंट बघा. मीटर जोडलेला असताना दिवा लावू नका की सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरपर्यंत सामान्य. पण तेवढासुद्धा हिशेब करा : दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिन्यांत गाडी चालू करण्याच्या लायकीची राहत नाही, आणि त्यात कुणाचाही दोष नसतो. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो तिथे चोर. मोटरहोममध्ये माझा पहिला संशय नेहमी नंतर बसवलेल्या वस्तूंवर असतो, म्हणजे रेडिओ, अलार्म, ट्रॅकर, मागचा कॅमेरा. दोन बॅटऱ्यांना जोडणारा रिले चिकटून बसला की घराची बॅटरी संपताना इंजिनाचीही सोबत संपते, तेही बघा.

इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही

डिझेल गाडीत ही तक्रार दहापैकी सात-आठ वेळा इंधनाची असते, असा माझा अनुभव.

टाकीत डिझेल आहे का? हसण्यावारी नेऊ नका. जनरेटरची इंधननळी टाकीत मुद्दाम उंचावर, बहुधा पाव टाकीच्या पातळीला ठेवलेली असते, म्हणजे जनरेटर आधी बंद पडावा आणि इंजिनाला डिझेल उरावं. पण डिझेलवर चालणाऱ्या हीटरला कधी कधी इंजिनाच्याच नळीतून टी जोड देऊन इंधन दिलेलं असतं. तसा जोड हवा ओढतो. आणि टाकी कमी भरलेली असताना गाडी उतारावर तिरकी उभी केली, तर आतल्या नळीचं तोंड उघडं पडतं आणि सिस्टिममध्ये हवा शिरते. रात्री गाडी ठीक होती, सकाळी चालू होत नाही, याचं हे एक नेहमीचं कारण.

हवा शिरली आहे का ते पाहायला फिल्टरनंतरच्या कमी दाबाच्या नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी लावा. सेल्फ मारताना बुडबुडे दिसले की संशय पक्का. मग हवा काढायची :

फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा नळ असेल तर तो उघडून बरणीत निथळू द्या. डिझेल वर राहतं, पाणी खाली बसतं. पाण्याबरोबर काळपट बुळबुळीत पदार्थ आला तर ती डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर वाढणाऱ्या जिवाणू-बुरशीची कामगिरी आहे. नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागते आणि जंतुनाशक टाकावं लागतं.

मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा, खाली फडकं धरा आणि हाताने दाबायचा पंप मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, शेवटी सलग डिझेल येईल. पंप मारत असतानाच स्क्रू आवळा. हातपंप नसेल तर टाकीतल्या विजेच्या पंपासाठी चावी चालू स्थितीत दहा-पंधरा सेकंद ठेवून बंद करा. असं पाच-सहा वेळा. मगच सेल्फ, एका वेळी पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये दोन मिनिटं थांबून. नाहीतर सेल्फ मोटर जळते आणि एकाचे दोन बिघाड होतात.

इथे एक कळकळीची सूचना. जुन्या मेकॅनिककडून नोझलचा (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाचा) पाइप सैल करून हवा काढायची पद्धत शिकलेले लोक आहेत. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल मिळतं अशा इंजिनात, ते करू नका. तिथे दाब इंजिन नुसतं घरघरत असतानाही ३०० बारच्या आसपास आणि जोरात १६०० ते २००० बार किंवा त्याहून वर जातो. त्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून डिझेल मांसात सोडते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात कापावा लागण्याची वेळ येते. असं काही झालंच तर "बघू सकाळी" नाही, थेट इस्पितळ. तसंच नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने स्वच्छ बाजूने भरून बसवू नका. त्यातली गाळण न झालेली धूळ सरळ पंपात आणि नोझलमध्ये जाते.

थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. फिल्टरला गरम पाण्याच्या फडक्याने शेक द्या, गाडी उबेला आणा. ज्योत जवळ नेऊ नका.

थंड इंजिन खूप फिरवल्यावर पांढरा धूर टाकत कसंबसं सुरू होत असेल तर हीटर प्लग, म्हणजे थंड सिलिंडर आतून तापवणारे प्लग. प्लगची वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिन यांत रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो, मेलेला अनंत. सगळेच प्लग चांगले निघाले तर रिले आणि मोठा फ्यूज. जुना प्लग काढताना इंजिन गरम असू द्या आणि आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर लावून तो हेडमध्ये तोडलात तर हेड उतरवायची पाळी येते. आणि हीटर प्लग किंवा आत जाणारी हवा तापवणारं हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका. तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टन फोडतो.

पेट्रोल गाडीचं थोडक्यात : चावी चालू करताच टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज, रिले, मग पंप. गाडी सहा महिने उभी असेल तर पेट्रोल शिळं आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा खेचतं, आणि तो प्रमाणाबाहेर गेला की इथेनॉल-पाणी खाली वेगळं बसतं. ते काढून टाकणं हाच उपाय. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होणारी गाडी, पेट्रोल असो वा डिझेल, बहुतेक वेळा क्रँक सेन्सरची (इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची) असते. स्कॅनरवर पी०३३५ आला आणि सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसले तर वायर तपासून सेन्सर बदला.

गाडी गरम होते

मोटरहोम सपाटीवर थंड राहते आणि चढावर काटा वर जातो, ही सगळ्यात सामान्य तऱ्हा. वजन जास्त, हवा अडवणारं समोरचं तोंड मोठं, वेग कमी. काटा चढू लागला की एसी बंद, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. गिअर एक खाली घ्या, म्हणजे पाण्याचा पंप आणि पंखा जोरात फिरतील, आणि पाय थोडा उचला. तरीही काटा उतरत नसेल तर थांबा आणि काही मिनिटं इंजिन न्यूट्रलमध्ये थोड्या जास्त आरपीएमवर चालू ठेवा. पण वाफ निघत असेल, कूलंट वाहून गेलं असेल किंवा काटा लाल पट्टीत असेल, तर ताबडतोब बंद करा.

झाकण गरम असताना उघडू नका. सिस्टिमवर साधारण १ बार जादा दाब असतो, आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. झाकण सैल केलं की ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. तासभर थांबा, मग फडक्याने अर्धा आटा फिरवा, फुसफुस संपू द्या.

थंड झाल्यावर तपासणीचा माझा क्रम असा.

कूलंटची पातळी. कमी असेल तर गेलं कुठे? होजचे जोड, पाण्याच्या पंपाखालचं भोक, रेडिएटरच्या कडा, केबिनमधल्या हीटरखालची सतरंजी बघा. मोटरहोममध्ये आणखी एक गुप्त जागा असते : काही गाड्यांत इंजिनाचं गरम पाणी मागच्या गीझरपर्यंत किंवा मागच्या हीटरपर्यंत नेलेलं असतं. ते लांब होज गाडीखालून जातात आणि क्लिपपाशी झिरपतात.

रेडिएटरचं झाकण. त्याचं रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि कूलंट कमी तापमानाला उकळतं. सगळ्यात स्वस्त पार्ट, म्हणून आधी बदलावा.

हवेची वाट. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत किडे, पिसं आणि धूळ भरते. समोरून रेडिएटर लखलखीत दिसतो आणि मधे घोंगडी बसलेली असते. मागे इंजिन असलेल्या गाड्यांत तर क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ मागच्या कुलरवर बसते आणि रस्त्याची धूळ तिला चिकटून थर होतो. हा थर पंख्याच्या बाजूने असतो, बाहेरून दिसत नाही. डिग्रीझर मारून अर्धा तास मुरू द्या आणि साध्या पाइपने धुवा. हवा ज्या दिशेने जाते तिच्या उलट दिशेने पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून धरलात तर पत्र्याच्या नाजूक पाती आडव्या होतात आणि दुखणं कायमचं होतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. पहिल्या खेपेला दोन-तीन तास लागले तरी नवल नाही.

पंखा. मधे चिकट द्रव असलेला व्हिस्कस पंखा इंजिन गरम असताना बंद केला की एक-दोन फेऱ्यांत थांबायला हवा. मोकळाच फिरत राहिला तर क्लच गेला. विजेच्या पंख्याला थेट १२ व्होल्ट देऊन बघा.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. बहुतेक ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतात. इंजिन तापूनही रेडिएटर थंडच असेल तर थर्मोस्टॅट बंद अडकला. तो भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत उकळून खात्री करता येते. उलट, उघडा अडकला तर इंजिन कधी तापतच नाही. ॲव्हरेज पडतं, आणि पुढे सांगितलेला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तोही स्वच्छ होत नाही. पी०१२८ हा कोड तेच सांगतो. घाईत थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवण्याचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका.

हे सगळं ठीक असूनही कूलंट नाहीसं होत असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या सीलचा, विचार. गरम इंजिनातून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर, थंड इंजिन चालू करताच टाकीत बुडबुडे, सकाळी न तापलेल्या इंजिनाचे होज दगडासारखे कडक, ही लक्षणं. निळ्या द्रवाची चाचणी-नळी टाकीच्या तोंडावर धरतात. जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा द्रव पिवळा होतो. एकट्या ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या मलईवरून मात्र निकाल देऊ नका. उभ्या राहणाऱ्या गाडीत ती नुसत्या ओलाव्यानेही येते. लांब फेरी मारल्यावर गेली तर विषय संपला.

भरताना पाणी नाही, कूलंट. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. दोन वेगळ्या रसायनांची कूलंट रंग जुळतो म्हणून मिसळू नका. भरल्यावर हीटर गरमवर ठेवून हवा निघेपर्यंत इंजिन चालवा.

पिकअप गेला, गाडी ओढत नाही

इथे स्कॅनर लावा. स्कॅनर जोडायचा १६ पिनांचा ओबीडी-२ सॉकेट अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना, युरोपात पेट्रोलला २००१ आणि डिझेलला २००४ पासून सक्तीचा झाला. मागे मोठं डिझेल इंजिन असलेल्या मोटरहोमना मात्र ट्रकसारखा गोल ९ पिनांचा सॉकेट असतो. साधा कारचा स्कॅनर तिथे लागणार नाही.

कोड म्हणजे निदान नव्हे. कोड फक्त सांगतो की संगणकाला कुठे काय खटकलं. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. लोक लगेच टर्बो बदलायला धावतात, आणि दोष बहुधा फाटलेल्या होजमध्ये असतो. टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) ते इंटरकुलर (ती हवा थंड करणारा रेडिएटर) ते इंजिन हा सगळा मार्ग हाताने चाचपा. जोडाशी तेलाचा ताजा डाग, गाडी जोर घेताना हिस्स आवाज आणि काळा धूर ही फाटक्या होजची ओळख. पी००८७ म्हणजे रेलमध्ये इंधनाचा दाब कमी. आधी फिल्टर, मग नळ्या, मग टाकीतला पंप, आणि सगळ्यात शेवटी महागडा मोठा पंप. एकदम खूप असंबद्ध कोड आले तर बॅटरी मोजा. कमी व्होल्टेजवर संगणक वाटेल ते बरळतात. कोड पुसण्याआधी लिहून ठेवा.

डीपीएफ हा मोटरहोमचा खास शत्रू. तो काजळी साठवतो आणि सुमारे ६०० अंशांना जाळतो. तेवढी उष्णता फक्त सलग धावण्यात येते. गाडी उभी ठेवून दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू करायची सवय ज्यांना आहे, त्यांचा डीपीएफ आधी भरतो. शिवाय तेवढ्यात ऑइलमधला ओलावा उडत नाही, उलट वाढतो. दिवा लागल्यावर लगेच वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर २००० च्या वर आरपीएम ठेवून चालवा. दिवा लुकलुकायला लागला किंवा गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला संगणक ताकद कमी करतो त्या अवस्थेत) गेली की ही वेळ निघून गेली. मग स्कॅनरने सक्तीची सफाई, तीही गवत किंवा पालापाचोळा नसलेल्या जागी. तिथला सायलेन्सर आग लावण्याइतका तापतो. मात्र डीपीएफ भरण्याचं मूळ कारण ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकणं किंवा नोझल गळणं हे असेल तर सफाई दोन महिनेच टिकते.

ॲडब्लू, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव, याच्या टाकीत ३२.५ टक्के युरियाचं द्रावण असतं. ते उणे ११ अंशांना गोठतं आणि उन्हात महिनोन्महिने राहिलं की बिघडतं. डॅशबोर्डवर "इतक्या किलोमीटरनंतर चालू होणार नाही" अशी उलटी गिनती सुरू झाली तर ती खरी माना, आणि इंजिन बंद करण्याआधी भरण्याची सोय बघा.

धुराचा रंग लक्षात ठेवा : काळा म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, गरम इंजिनातून पांढरा म्हणजे कूलंट किंवा न जळलेलं डिझेल.

काही गाड्यांच्या ठरलेल्या खोडी

आपल्या चेसिसचं दुखणं आधीच माहीत असलं की तास वाचतात. २००६ नंतरच्या फियाट ड्युकाटोमध्ये काचेखालच्या पन्हळीतून पावसाचं पाणी इंजिनावर, थेट नोझलच्या बोल्टवर ठिबकतं. पन्हळीचे जोड सिलंट लावून बंद करा, नोझलच्या खड्ड्यातलं पाणी पुसा. मर्सिडीज स्प्रिंटरच्या तीन लिटर व्ही ६ इंजिनात दोन्ही सिलिंडर-रांगांच्या मधल्या दरीत ऑइल कुलरची सीलं झिरपतात, आणि तेल मागून खाली उतरल्यामुळे ते गिअरबॉक्सचं वाटतं. फोर्डच्या जुन्या दोन व्हॉल्व्हच्या ट्रायटन व्ही १० मध्ये स्पार्क प्लगचे आटे थोडे असल्याने प्लग उसळून बाहेर येतो. एकाएकी फटाक्यासारखा आवाज आणि मिसिंग सुरू झालं तर तेच बघा.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा रबरी पट्टा) असलेल्या इंजिनांत वर्षं मोजा, किलोमीटर नाही. वीस हजार किलोमीटरच चाललेली बारा वर्षांची गाडी "नवीच" वाटते, पण बेल्टच्या रबराला वय लागलेलं असतं. तो तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. गाडी जुनी घेतली असेल आणि बेल्ट बदलल्याचा कागद हातात नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा.

कधी थांबायचं

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला की त्याच क्षणी इंजिन बंद. पुढच्या वळणापर्यंतसुद्धा नाही. आतून ठोकल्यासारखा आवाज, कूलंटमध्ये ऑइल, किंवा डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली आणि डिझेलचा वास, या वेळीही सेल्फ मारू नका. गाडी उचलून न्यावी लागेल. त्यासाठी गाडीची उंची, लांबी आणि वजन एका कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवून ठेवा. मदतीला येणारा पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि चुकीची गाडी आली तर रात्र रस्त्यावर जाते. ऑटोमॅटिक गिअरची मोटरहोम, इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, गिअरबॉक्स तेलावाचून जळतो.

दुरुस्तीनंतर

लगेच लांबच्या प्रवासाला निघू नका. आधी जवळच वीस-तीस किलोमीटर फिरवा, त्यात एखादा चढ असू द्या. परत येऊन गरम इंजिनाखाली पुठ्ठा पसरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी त्यावरचा डाग काय गळतंय ते सांगतो : ऑइल काळं-तपकिरी, कूलंट रंगीत आणि गोड वासाचं, डिझेल पसरट आणि उग्र, एसीचं पाणी निव्वळ पाणी. पातळ्या पुन्हा बघा, होज क्लिप पुन्हा आवळा.

मग वहीत लिहा : तारीख, किलोमीटर, लक्षण, मोजलेले आकडे, काय बदललं. गाडी महिन्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर डिझेलची टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत ओलावा साचायला जागा राहत नाही. इंजिनाच्या बॅटरीला देखभालीचा चार्जर किंवा छोटं सोलर पॅनेल लावा. हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदराने घरटं केलंय का ते दर महिन्याला बघा. आणि महिन्यातून एकदा गाडी बाहेर काढून पाऊण तास खरोखर चालवा. त्या दिवशीचं बॅटरीचं व्होल्टेजही वहीत लिहा. सहा महिन्यांचे आकडे एकाखाली एक दिसले की बॅटरी कधी थकायला लागली ते कुणी सांगावं लागत नाही.